धावणारे उंदीर, कर्करोग आणि श्रावकाची जयणा
(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)

 

भुशीच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला उभे राहिल्यास तीन प्रकारची माणसे दिसतात. धरणावरून पुढे आयएनएस शिवाजीकडे जाणाऱ्या चढावर तरुण धापा टाकत पळत असतात. त्यांच्या मागून कानटोपी घातलेली ज्येष्ठ मंडळी गप्पा मारीत संथपणे येतात. तिसरा प्रकार रस्त्यावर दिसत नाही. तो घरात असतो. एखाद्या घरी कर्करोगाचे निदान झालेले असते आणि सारे कुटुंब त्या व्यक्तीस पलंगावरून उतरू देत नाही. "आराम करा, ताकद राखून ठेवा," हेच सर्वांचे म्हणणे असते. यांपैकी कोणाचे बरोबर? जोरात पळणाऱ्याचे, हळू चालणाऱ्याचे, की पलंगावर निजवणाऱ्याचे?

या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी उंदरांत शोधले. म्हणून हा विषय जैन मंडपात मांडताना संकोच होणे साहजिक आहे. ज्या समाजाने पांजरापोळी उभारल्या, पिंजऱ्यातील पक्षी पैसे मोजून सोडवले, त्या समाजापुढे प्रयोगशाळेतील मूषकांची कथा सांगायची. परंतु ती कथा ऐकल्यानंतर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. प्राण्यावर बळजबरी झाली की नाही, हा प्रश्न केवळ धर्माचा राहत नाही. प्रयोगाचे उत्तरच त्यावर अवलंबून असते.

प्रथम हे प्रयोग होतात कसे, ते थोडक्यात पाहू. उंदरांत कर्करोग तीन मार्गांनी आणतात. एकतर दुसऱ्या उंदराच्या गाठीच्या पेशी टोचतात. किंवा कर्करोगकारक रसायन देतात. किंवा ज्यांच्यात तो आनुवंशिकतेनेच उद्भवतो अशा जाती वाढवतात. या तिसऱ्या मार्गात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले, डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक होते. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी, संप्रेरकांशी व विषाणूशी असणारा संबंध उंदरांत तपासला. त्या केंद्राच्या नावावरूनच 'आयसीआरसी' ही उंदरांची जात जगात ओळखली जाते. तिच्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असते. रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. हीच संशोधन परंपरा २००२ पासून खारघरच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या 'अॅक्ट्रेक' संस्थेत पुढे चालू आहे.

व्यायामाचा प्रश्न मात्र परदेशात आधी विचारला गेला. १९४४ साली अमेरिकेत रश आणि क्लाइन यांनी उंदरांना व्यायाम देऊन गाठीची वाढ मंदावते असे प्रसिद्ध केले. तथापि येथे एक खोच होती. इटलीचे मोरेस्की यांनी १९०९ सालीच दाखवले होते की उंदरास कमी खाऊ घातले तरीही गाठ सावकाश वाढते. मग पळणाऱ्या उंदरास लाभ झाला तो पळण्याने, की शरीरात शिल्लक राहणारे अन्न घटल्याने? जमाखर्चात दोन रकमा एकाच खात्यावर पडल्या की कोणती कोणाची हे जसे कळत नाही, तसेच हे झाले. हा गुंता पुढे कित्येक वर्षे सुटला नाही, आणि आजही तो पूर्णपणे सुटला आहे असे म्हणता येत नाही.

पुढचा धक्का १९८८ चा. हेन्री थॉम्प्सन आणि सहकाऱ्यांनी रॅट जातीच्या मोठ्या उंदरांना कर्करोगकारक रसायन दिले आणि काहींना यांत्रिक पट्ट्यावर पळवले. अपेक्षा अशी की पळणाऱ्यांत गाठी कमी होतील. झाले उलट, पळणाऱ्या गटात स्तनाच्या गाठींचे प्रमाण वाढले. प्रामाणिक संशोधकाने असा निकाल दडवला नाही, छापला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. व्यापारातही तोट्याचे वर्ष ताळेबंदात दाखवणाराच विश्वासास पात्र ठरतो. याच थॉम्प्सन यांनी १९९५ साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात रसायन वेगळे होते आणि व्यायामाच्या तीव्रतेच्या पायऱ्या मोजून ठरवल्या होत्या. त्यांना आढळले की तीव्रता जितकी अधिक, तितका कर्करोगास अटकाव अधिक. एकच संशोधक, एकच अवयव, आणि सात वर्षांत उत्तर फिरले. २००९ साली लिसा कोल्बर्ट यांच्या प्रयोगात ते पुन्हा फिरले. त्यांनी निवडलेल्या उंदरांत पेशींचा रखवालदार म्हणावा असा पी-५३ नावाचा जनुक दुबळा होता. त्यांना पट्ट्यावर पळवले असता गाठी वाढल्या आणि आयुष्य घटले.

असे का होते? कारणे अनेक असू शकतात: रसायन, उंदराची जात, आहार, व्यायामाचा काळ. पण एक कारण श्रावकाच्या कानास लगेच ओळखीचे वाटेल. यांत्रिक पट्टा थांबत नाही. त्याच्या मागच्या टोकाला पुष्कळ प्रयोगशाळांत सौम्य विजेचा धक्का देणारी जाळी असते. थकलेला उंदीर मागे सरकला की धक्का बसतो, म्हणून तो पुन्हा पळतो. शिवाय उंदीर हा निशाचर जीव. त्याला बहुधा माणसाच्या कामाच्या वेळेत, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळेत पळवतात. यास व्यायाम म्हणावे की त्रास? भय आणि झोपमोड यांनी शरीरात जी संप्रेरके वाढतात ती प्रतिकारशक्ती खच्ची करू शकतात. मग निष्कर्ष व्यायामाचा निघाला, की भयाचा, हे कसे सांगावे?

दुसरी पद्धत म्हणजे पिंजऱ्यात एक चाक ठेवून देणे. उंदराची इच्छा असेल तर तो पळेल, नसेल तर नाही. काहींना शंका आली की हेही पिंजऱ्यातील कंटाळ्यामुळे जडलेले वेड असेल. तेव्हा नेदरलँड्समधील लायडनच्या योहाना मायर आणि युरी रॉबर्स यांनी मोकळ्या रानात चाक ठेवून दिले आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: रानातले स्वतंत्र उंदीर आपणहून येऊन चाकावर पळत होते. कोणी बोलावले नाही, कोणी धमकावले नाही. बेडूक आणि गोगलगायीसुद्धा चाकावर चढल्याची नोंद आहे. धावणे ही त्या जीवाची स्वतःची आवड आहे, इतके तरी यावरून मानता येते.

आता २०१६ सालचा कोपनहेगनचा प्रयोग पाहा. लिने पेडर्सन, पर्निल हॉयमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना असेच ऐच्छिक चाक दिले. त्वचेचा मेलॅनोमा धरून पाच वेगवेगळ्या प्रकारांनी आणलेल्या कर्करोगांत, पळणाऱ्या उंदरांमध्ये गाठींचे प्रमाण व वाढ ६० टक्क्यांहून अधिक घटली. त्यांनी कारणही शोधले. जोराने पळताना अॅड्रेनॅलिन वाढते. त्यामुळे 'नैसर्गिक मारक पेशी' म्हणून ओळखले जाणारे प्रतिकारशक्तीचे शिपाई रक्तात मोठ्या संख्येने उतरतात. आणि स्नायूंतून स्रवणारे इंटरल्यूकिन-६ त्यांना गाठीच्या दिशेने नेते. या मारक पेशी काढून टाकल्या तेव्हा पळण्याचा लाभ नाहीसा झाला. अॅड्रेनॅलिनची वाट अडवणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिले तेव्हाही तो नाहीसा झाला. आणि नुसते अॅड्रेनॅलिन टोचले तेव्हा पळण्याइतका गुण आला नाही. म्हणजे पळणे टाळून त्याचे फळ तेवढे सुईतून घेता येईल, अशी सोय निसर्गाने ठेवलेली दिसत नाही. २०२० साली स्वीडनच्या संशोधकांनी प्रतिकारशक्तीच्या आणखी एका प्रकारच्या पेशींची, टी-पेशींची, भूमिका उंदरांत दाखवली.

तीव्र व्यायामाचा सर्वांत थेट पुरावा २०२२ साली तेल अवीव विद्यापीठातून आला. कार्मित लेवी आणि यिफ्ताख गेपनर यांच्या चमूने उंदरांना आधी व्यायाम दिला आणि मग मेलॅनोमाच्या पेशी टोचल्या. फुप्फुस, यकृत, लसिका ग्रंथी या दूरच्या अवयवांत रोगाचे ठाणे बसण्याचे प्रमाण घटले. त्यांचे स्पष्टीकरण असे: व्यायामाने हे अवयव स्वतःच साखरेचे मोठे गिऱ्हाईक बनतात. कर्कपेशीलाही साखरच हवी असते. बाजारात माल थोडा आणि जुने गिऱ्हाईक जोरदार, अशा ठिकाणी नव्या आगंतुकाचा निभाव लागत नाही. त्याच अभ्यासात सुमारे तीन हजार माणसांची वीस वर्षांची माहितीही तपासली गेली. तीव्र व्यायाम करतो असे सांगणाऱ्यांत शरीरभर पसरलेल्या कर्करोगाचा धोका ७२ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र जो तीव्र व्यायाम करू शकतो तो मुळातच अधिक निरोगी असण्याचा संभव असतो, हे विसरता कामा नये.

याउलट चीनमधील संशोधकांनी २०१६ साली यकृताच्या कर्करोगावर केलेल्या प्रयोगात, बेताचे पोहणे उंदरांस हितकर ठरले. मर्यादेबाहेरच्या पोहण्यात तो लाभ दिसला नाही. पाण्यात सोडलेला उंदीर पोहतो तो हौसेने नव्हे, बुडू नये म्हणून. चाक, पट्टा आणि पाणी यांना एकाच नावाने 'व्यायाम' म्हटले तर फसगत होते.

आणखी एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तो या सर्वांच्या मुळाशी हात घालतो. २०१० साली अमेरिकेतील ओहायो येथे उंदरांच्या एका गटास मोठे घर दिले गेले: बोगदे, खेळणी, लपण्याच्या जागा आणि पुष्कळ सोबती. दुसरा गट नेहमीच्या लहान पिंजऱ्यात राहिला. मोठ्या घरातील उंदरांत मेलॅनोमाची व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची वाढ बरीच कमी झाली, आणि नुसते चाक देऊन तो सर्व परिणाम साधला नाही. त्याच वर्षी मार्क मॅट्सन व सहकाऱ्यांनी रोखठोक लिहिले की प्रयोगशाळेत ज्यास 'सामान्य' उंदीर म्हणतात तो मुळात आजारी असतो. लहान खोका, बसून राहणे, चोवीस तास समोर अन्न. मग व्यायाम कर्करोग रोखतो असे म्हणावे, की बंदिवास तो वाढवतो असे म्हणावे? सकाळी नऊ ते रात्री नऊ गादीवर बसून, हाताशी फरसाणाचा डबा ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने या उंदराकडे अंमळ आपुलकीने पाहावे.

आता संकोचाचा विषय. शास्त्रकारांनी हिंसेचे चार भेद सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. प्रयोगशाळेतील मरण कोणत्या भेदात बसवायचे? मारण्याचा हेतू तेथे नसतो, असे संशोधक म्हणेल. पण मरण ठरवून, तारीख लावून घडवले जाते, हेही खरे. शिवाय दोष केवळ करणाऱ्यास नाही; करवणाऱ्यास आणि अनुमोदन देणाऱ्यासही आहे. मग कर्करोगाचे औषध घेणारा श्रावक अनुमोदक ठरतो का? या प्रश्नापुढे पुष्कळ जण डोळे मिटतात. कापडाच्या धंद्यात रेशमाचा प्रश्न असाच आहे. हजारो किडे उकळून निघालेले रेशीम पूजेच्या वस्त्रासाठी शुद्ध मानावे की नाही, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, आणि तरीही दुकानाच्या फळीवर ते असतेच. झालेली हिंसा परत घेता येत नाही. तिच्यातून मिळालेले ज्ञान फेकून दिले तर तो जीव व्यर्थ गेला, आणि तोच प्रयोग पुन्हा करण्याची पाळी आली. पण ज्ञान वापरताना पुढची हिंसा घटावी यासाठी काही केले नाही, तर अनुमोदनाचा दोष टळत नाही. जयणा म्हणजे हेच: जेथे पूर्ण त्याग शक्य नाही तेथे कमीत कमी करणे, आणि ते डोळे उघडे ठेवून करणे.

यासाठी कायद्याचा आधार आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून प्रेरणा घेऊन १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. पर्यायी मार्गाने काम भागत असेल तेथे प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, हे त्यात लिहिले आहे. प्रयोगांवर देखरेख करणारे नियम १९९८ साली झाले. त्याआधी १९५९ साली रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली होती: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, वेदना कमी कराव्यात. २०२३ साली भारत सरकारने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून, प्राण्यांऐवजी पेशींवर वा संगणकावर केलेल्या चाचण्यांसही स्थान दिले. वर सांगितलेले चाक-पट्ट्याचे उदाहरण हाच युक्तिवाद भक्कम करते. जेथे जीव भयाने पळतो तेथे उत्तरही भेसळीचे निघते. वेदना कमी करण्याचा आग्रह हा केवळ भूतदयेचा नसून चांगल्या मापाचाही आग्रह आहे.

आणि शेवटी प्रश्न माणसाचा असेल तर माणसासच विचारावे. लोणावळ्याला हे सांगण्याची गरज नसावी. स्वामी कुवलयानंदांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या क्रियांचे परिणाम आपल्याच शिष्यांवर तपासले, आणि १९२४ साली याच गावात कैवल्यधाम स्थापून 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. ज्याच्यावर प्रयोग होतो तो राजी आहे, त्यास कळते आहे आणि तो केव्हाही थांबू शकतो, असा हा मार्ग. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्ण महिलांमध्ये योगाची तुलनात्मक चाचणी केली. रोग न उलटता जगण्यात १५ टक्के आणि एकूण जगण्यात १४ टक्के सापेक्ष सुधारणा दिसली, असे २०२२ साली जाहीर झाले. तेथील योग सौम्य होता. तो तीव्र व्यायामाचा पुरावा नाही, आणि तसा तो सांगूही नये.

पलंगावर निजवणाऱ्या कुटुंबांसाठी २०२५ सालचा अभ्यास अधिक महत्त्वाचा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी पुरी झालेले ८८९ रुग्ण कॅनडा, ऑस्ट्रेलिया व अन्य देशांतील ५५ केंद्रांतून निवडले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. एका गटास व्यायामाची माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्यास तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम करवला. आठ वर्षांनंतर व्यायामाच्या गटातील ९०.३ टक्के रुग्ण हयात होते, पुस्तिकेच्या गटातील ८३.२ टक्के. नावे बाजूही सांगितली पाहिजे: स्नायू व हाडांच्या दुखापती पहिल्या गटात १८.५ टक्के, दुसऱ्यात ११.५ टक्के. गुडघा दुखला, पण शंभरातील सात माणसे अधिक जगली.

तेव्हा भुशीच्या चढावर कोणी किती जोर लावावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायाम करावा. मध्यम आणि तीव्र ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. चालताना नवकार सहज म्हणता आला तर व्यायाम मध्यम. दोन पदांनंतर श्वासासाठी थांबावे लागले तर तीव्र. गप्पा मारीत, मध्येच चहाला थांबत जाणाऱ्यांनी निदान अर्धा रस्ता बोलणे बंद ठेवून पाहावे. चौविहार उपवासाच्या दिवशी तीव्र व्यायाम करू नये. शरीरात पाणीच कमी असते.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉलच्या वर्गातील गोळी घेणाऱ्यांची नाडी चढावरही फारशी वाढत नाही, म्हणून त्यांनी नाडीवरून तीव्रता मोजू नये. कोपनहेगनच्या उंदरांची हकीकत ऐकून कोणीही ती गोळी आपल्या मनाने सोडू नये. गोळी अचानक सोडल्याने हृदयास धोका होतो, आणि ती हकीकत उंदरांची आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णाने हाडांत रोग पोहोचला आहे का, रक्तातील पेशी पुरेशा आहेत का, हे डॉक्टरांना विचारून मगच पाऊल उचलावे. पहिल्या दिवशी इमारतीच्या फाटकापर्यंत गेले तरी चालेल. सोबत कोणीतरी जावे, आणि रुग्ण थांबला की सोबत्यानेही थांबावे.